आधी भाडेकरू, मग फ्लॅट

पुण्यात निवृत्तीचे पैसे हातात आले की घरात दुसऱ्या फ्लॅटचा विषय निघतोच. मुलं नोकरीला लागलेली असतात, राहत्या घराचं कर्ज फिटलेलं असतं, ग्रॅच्युइटी आणि भविष्यनिर्वाह निधी बँकेत येऊन पडलेला असतो. मग दर रविवारी वाकड, रावेत, बाणेर, वाघोली अशा साइटच्या फेऱ्या सुरू होतात. सॅम्पल फ्लॅटमध्ये एसी लावलेला असतो, कॉफी येते आणि सेल्सवाला सांगतो, "सर, पझेशन मिळालं की पंचवीस हजार भाडं कुठे गेलं नाही." या एका वाक्यावर आयुष्याची पुंजी लागते. ते पंचवीस हजार कोण देणार, त्याचा पगार किती, तो कामाला कुठे आणि कसा जाणार, त्याच्या मुलांची शाळा कुठे, हे विचारायचं राहून जातं.

भाडं देणारा माणूस फ्लॅटच्या आधी डोळ्यांसमोर हवा, असं मला ठामपणे वाटतं. भाड्याच्या घरात पहिल्यांदाच पैसे घालणारा आपल्या आवडीचं घर घेतो. देवघराची जागा बघतो, पूर्व-पश्चिम बघतो, आपल्या गच्चीतून टेकडी दिसते का ते बघतो. राहणार मात्र दुसराच असतो. या लेखासाठी मी कोथरूड, कर्वेनगर, वाकड भागातल्या एजंटांशी, भाडेकरूंशी आणि सोसायट्यांच्या सचिवांशी बोलले. घरमालक जे मिरवून सांगतात आणि भाडेकरू ज्यासाठी जास्तीचे पैसे देतात, त्यात फार अंतर आहे. क्लब हाऊस आणि पोहण्याचा तलाव याबद्दल भाडेकरू अवाक्षर काढत नाहीत. ते पाण्याबद्दल बोलतात, लिफ्ट आणि जनरेटरबद्दल बोलतात, दुचाकी लावायला छप्पर आहे का ते विचारतात.

पुण्यात भाडेकरूंची बाजारपेठ एकसंध नाही. हिंजवडीत काम करणारं तरुण जोडपं वाकड-बालेवाडीत घर शोधतं, कारण सकाळच्या ट्रॅफिकमध्ये पाच किलोमीटर म्हणजेही मोठा प्रवास होतो. चाकणच्या कारखान्यांतले इंजिनिअर मोशी-भोसरीकडे बघतात. कर्वेनगर आणि विमाननगरमध्ये कॉलेजची मुलंमुली आहेत. सदाशिव, नवी पेठेत स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी कॉट बेसिसवर राहतात, आणि तिथल्या जुन्या वाड्यातली एक खोलीसुद्धा महिनाभर रिकामी राहत नाही. शाळेच्या आसपासचं घर घेणारं कुटुंब एकदा आलं की मुलाची दहावी होईपर्यंत हलायला नाखूष असतं. यातला आपला भाडेकरू कोण, हे ठरलं की कुठल्या भागात, केवढं, कितव्या मजल्यावर हे प्रश्न निम्मे सुटतात. एकाच प्रकारच्या नोकरीवर उभ्या असलेल्या भागाचा धोकाही तेव्हाच कळतो. २०२० च्या टाळेबंदीत आयटी कंपन्यांनी घरून काम सुरू केलं आणि तरुण मुलं सामान बांधून गावी परतली. तेव्हा हिंजवडीच्या परिसरात फ्लॅट ओस पडले आणि मालकांचे हप्ते मात्र चालूच राहिले.

आता हिशेब. तो सेल्स ऑफिसातल्या कॅल्क्युलेटरवर करू नये, वहीत करावा. समजा, पंचाहत्तर लाखांचा टू बीएचके आहे. पुणे महापालिकेच्या हद्दीत मुद्रांक शुल्क, स्थानिक संस्था कर आणि मेट्रो अधिभार मिळून ७ टक्के, म्हणजे सव्वापाच लाख. (खरेदी फक्त बाईच्या नावावर असेल तर एक टक्क्याची सूट आहे; ती घ्यावी, आणि घर खरोखरच तिचं असावं.) नोंदणी फी ३० हजार. एजंटचा एक टक्का धरला तर पाऊण लाख. रंग, पंखे, गिझर, मॉड्युलर किचन, कपाटं यांचे तीन लाख. बेरीज ८४ लाख ३० हजार. म्हणजे पंचाहत्तरचा फ्लॅट आपल्याला साडेचौऱ्याऐंशीच्या घरात पडला.

भाडं महिना २४ हजार धरू. वर्षाचे २ लाख ८८ हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स महिना साडेतीन हजारांप्रमाणे ४२ हजार गेले. मिळकतकर १८ हजार. एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंतचा रिकामा महिना म्हणून २४ हजार, नव्या भाडेकरूसाठी एजंटला अर्धा महिना म्हणून १२ हजार, किरकोळ दुरुस्तीचे १५ हजार, सोसायटीचं बिनवापर शुल्क साडेतीन हजारांच्या आसपास. हातात उरतात १ लाख ७३ हजार. गुंतवलेल्या पैशावर हे दोन टक्क्यांच्या जरासं वर जातं. बँकेतल्या साध्या मुदत ठेवीचं व्याज याहून जास्त असतं.

हे आकडे मी उदाहरणादाखल मांडले आहेत. प्रत्येकाने आपले घालावेत. पण चित्र फारसं बदलणार नाही. आपल्या मोठ्या शहरांत घरांच्या किमती भाड्याच्या मानाने फार पुढे गेल्या आहेत. म्हणून 'भाड्यातून हप्ता निघेल' ही समजूत आधी सोडावी. याच फ्लॅटसाठी ५० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलं तर हप्ता ४३ हजार ३९१ रुपये बसतो. खर्च वजा जाता भाड्याचे महिन्याला साडेचौदा हजार येणार. उरलेले जवळपास २९ हजार दर महिन्याला पगारातून घालायचे. पगार भक्कम असेल, वय पस्तीस असेल, तर हा विचारपूर्वक केलेला साठा होऊ शकतो. साठीच्या माणसाने पेन्शनीतून असे पैसे घालू नयेत. त्यातून, बँक कर्ज देते ते घराच्या किमतीवर. तीस ते पंचाहत्तर लाखांच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादा किमतीच्या ८० टक्क्यांची आहे, आणि मुद्रांक व नोंदणीचा खर्च त्या किमतीत धरला जात नाही. तो रोखीने आपल्यालाच उभा करायचा असतो.

मग कुणी हे करूच नये का? तसं मला वाटत नाही. भाडं दरवर्षी थोडं वाढतं, हप्ता बहुतेक तिथेच राहतो, जमिनीची किंमत शहराबरोबर चढते. पंधरा-वीस वर्षांनी हातात कर्जमुक्त घर आणि दरमहाचं उत्पन्न असणं ही मोठी गोष्ट आहे. पण घराची किंमत वाढणं आपल्या हातात नसतं. कुठलं घर, कुठल्या भाडेकरूसाठी, कुठल्या कागदावर, एवढंच आपल्या हातात असतं.

नवख्या माणसाने पहिला फ्लॅट बांधकाम चालू असलेला घेऊ नये, असं माझं मत आहे. त्यावर ५ टक्के जीएसटी लागतो (पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घरावर लागत नाही), ताबा लांबला तर हप्ता आणि शून्य भाडं अशी दुहेरी झळ बसते, आणि तिथे भाडं किती येतं हे सांगायला अजून कुणी राहायला आलेलंच नसतं. २०१७ च्या मे महिन्यापासून महारेरा आहे, ग्राहकाचे ७० टक्के पैसे त्या प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवण्याचं बंधन आहे, करारापूर्वी १० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही; हे सगळं चांगलंच झालं. तरी भाड्यासाठी घ्यायचं तर आठ-दहा वर्षं वस्ती असलेल्या सोसायटीतला रिसेल फ्लॅट बरा. तिथली गळती दिसते, लिफ्टचा आवाज ऐकू येतो, सचिव कोण आहे ते कळतं. इंडेक्स टू, भोगवटा प्रमाणपत्र, शेअर सर्टिफिकेट आणि सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला बघावा. जमिनीचं अभिहस्तांतरण सोसायटीच्या नावे झालंय का, हेही विचारावं. भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या इमारतीत स्वस्तात मिळतंय म्हणून शिरू नये.

भाड्याचा खरा आकडा काढायची युक्ती मला एका एजंटने सांगितली. त्याच सोसायटीत घर हवंय असं सांगून भाडेकरू म्हणून तीन-चार ठिकाणी फोन करायचा. विकत घेणाऱ्याला भाड्याचा आकडा फुगवून सांगतात, राहायला येणाऱ्याला खरा सांगावा लागतो. वॉचमनला किती फ्लॅट रिकामे आहेत आणि किती दिवसांपासून, हे विचारायचं. आणि एप्रिल-मे महिन्यांतली टँकरची बिलं बघायला मागायची. पुण्याच्या कडेच्या कितीतरी सोसायट्या उन्हाळ्यात टँकरवर जगतात. तो खर्च मेंटेनन्समध्ये चढतो, आणि पाण्याची वेळ ठरलेली असेल तर भाडेकरू करार संपला की निघतो. एक एजंट तर फ्लॅट दाखवायला नेताना आधी स्वयंपाकघरातला आणि मग न्हाणीघरातला नळ पूर्ण सोडतो आणि बोलत राहतो. दोन मिनिटं धार टिकली की मगच तो बाल्कनीकडे वळतो.

कागदांकडे वळण्याआधी थोडा इतिहास सांगायला हवा, कारण आपल्या घरमालकांच्या मनातली भीती तिथून आलेली आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधून टाकली. युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूंना संरक्षण हवंच होतं. पण ते बंधन पिढ्यान्‌पिढ्या राहिलं. मुंबईत गिरगाव-दादरच्या चाळींत भाडं इतकं नाममात्र झालं की मालकांनी दुरुस्ती सोडली आणि पागडीचा व्यवहार फोफावला. भाडेकरू टाळण्यासाठी मालकांनी लिव्ह अँड लायसन्सची वाट काढली, तर १९७३ च्या दुरुस्तीने त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला ताब्यात असलेल्या लायसन्सधारकांनाही भाडेकरूचा दर्जा मिळाला. तेव्हापासून 'घर दिलं की गेलं' ही म्हण झाली. परगावी असलेल्या मुलाचा फ्लॅट वर्षानुवर्षं कुलूपबंद ठेवणारे आईबाप आपण सगळ्यांनीच पाहिलेत. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरांत १ कोटी १० लाखांहून जास्त घरं रिकामी आढळली. दुसरीकडे त्याच शहरांत लोक दहा बाय दहाच्या खोलीत दाटीने राहत होते. हे मला फार खुपतं.

ही भीती आता कायद्याच्या दृष्टीने जुनी झाली आहे. ३१ मार्च २००० पासून लागू असलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मधलं २४ वं कलम लिव्ह अँड लायसन्सवर राहायला दिलेल्या घरापुरतं आहे. मुदत संपल्यावर समोरचा माणूस बाहेर पडला नाही, तर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. नेहमीच्या दिवाणी दाव्याची लांबण तिथे नाही. मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने भरपाईही मागता येते. हे संरक्षण करार लेखी आणि नोंदणीकृत असेल तरच भक्कम मिळतं. कलम ५५ नुसार नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि वाद झाला तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून दिलेला करार मालकाला उघड्यावर सोडतो.

खर्च म्हणाल तर फार नाही. साठ महिन्यांपर्यंतच्या कराराला मुद्रांक शुल्क पाव टक्का. ते एकूण भाडं आणि परत करायच्या डिपॉझिटवरचं वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज, यांच्या बेरजेवर लागतं. २४ हजार भाडं, पाऊण लाख डिपॉझिट आणि अकरा महिने असा करार असेल तर ते सातशे रुपयांच्या आत बसतं. महापालिका हद्दीत नोंदणी फी हजार रुपये. आता तर ई-रजिस्ट्रेशन घरी येऊनच होतं. कोथरूडमध्ये अशी एक नोंदणी मी जवळून पाहिली. एजंटने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला, अंगठ्याचं छोटं यंत्र लावलं. भाडेकरू मुलगी आणि दोन्ही साक्षीदार यांचे ठसे पटापट उमटले. पंचाहत्तरीच्या मालकीणबाईंचा अंगठा यंत्र घेईना. वयाने रेघा झिजलेल्या असतात. एजंटने ओल्या फडक्याने बोट पुसलं, कोरडं केलं, मग तर्जनी लावली, मग मधलं बोट. शेवटी डाव्या हाताच्या अंगठ्याने काम झालं. तोवर चहा आला. आजींनी करारातली नोटीस पिरियडची ओळ दोनदा वाचून घेतली. "एक महिना म्हणजे पहिल्या तारखेपासून की सांगितलेल्या दिवसापासून?" हा त्यांचा प्रश्न एजंटला थांबवून गेला. ती ओळ दुरुस्त केल्यावरच त्यांनी पुढचं होऊ दिलं.

करारात असे तपशील असलेले बरे. लॉक-इन किती महिन्यांचं, भाडं कुठल्या तारखेला, मेंटेनन्स कोण भरणार, वर्षाने किती टक्के वाढ, घर सोडताना रंगाचे पैसे कापायचे असतील तर किती. पंखे, गिझर, एसी, गादी यांची यादी फोटोंसह जोडावी. पोलिसांना भाडेकरूची माहिती ऑनलाइन देता येते, ती द्यावी. सोसायटीला कराराची प्रत आणि पूर्वसूचना द्यावी. बिनवापर शुल्काच्या नावाखाली काही सोसायट्या मनाला येईल तेवढी रक्कम लावतात. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त लावता येत नाही, आणि मिळकतकर त्या हिशेबात येत नाही. पुण्यात आणखी एक बाब नव्या मालकाला उशिरा कळते. स्वतः राहणाऱ्याला मिळकतकरात जी ४० टक्के सवलत आहे, ती भाड्याने दिलेल्या घराला मिळत नाही. वरच्या हिशेबात कर धरताना पूर्ण धरावा.

आयकराचं थोडक्यात. भाड्यातून भरलेला मिळकतकर वजा होतो, उरलेल्या रकमेच्या ३० टक्के सरसकट वजावट मिळते. मग मेंटेनन्स, रंग, एजंट यांचे खर्च वेगळे दाखवता येत नाहीत. कर्जाचं व्याज भाड्याच्या उत्पन्नातून जाऊन तोटा झाला तर जुन्या करप्रणालीत वर्षाला २ लाखांपर्यंतचा तोटा पगारातून वजा होतो. नव्या प्रणालीत तो पगारातून वजा होत नाही. 'कर वाचेल' म्हणून फ्लॅट घेणाऱ्याने आपण कुठल्या प्रणालीत आहोत हे आधी सीएला विचारावं. अमेरिकेत किंवा दुबईत असलेल्या आपल्या मुलांच्या पुण्यातल्या फ्लॅटांची गोष्ट निराळी. मालक अनिवासी असेल तर भाडं कितीही असो, भाडेकरूने टीडीएस कापायचा असतो, आणि तो ३० टक्क्यांच्या वर जातो. भाडेकरूला हे माहीत नसतं, मालक सांगत नाही, आणि नोटीस आली की दोघंही एकमेकांकडे बघतात. करारातच हे लिहावं.

भाडेकरू निवडणं हा सगळ्यांत नाजूक भाग. एजंटांच्या फोनवर येणाऱ्या अटी ऐकून मला राग आला, तो लपवत नाही. फक्त फॅमिली, फक्त शाकाहारी, अमुक आडनाव नको, एकटी बाई नको, घटस्फोटित नको. या अटी माणसांना अपमानित करतात. शिवाय त्या मालकाच्या पैशाचं रक्षणही करत नाहीत. आडनावावरून भाडं वेळेवर येईल की नाही कळत नाही. सॅलरी स्लिप, कंपनीचं ओळखपत्र, आधीच्या मालकाचा फोन नंबर यांवरून कळतं. भाडं हातात येणाऱ्या पगाराच्या एक तृतीयांशाहून फार जास्त असेल, तर माणूस कितीही सज्जन असला तरी चौथ्या-पाचव्या महिन्यात ओढाताण सुरू होते. आधीच्या मालकाला फोन करून एकच विचारावं: पुन्हा यांना घर द्याल का? वाकडला दोन मुलींना नऊ ठिकाणी नकार मिळाला होता. दोघींची पक्की नोकरी, भाडं वेळेत, आणि दहाव्या ठिकाणी त्या तिसऱ्या वर्षीही आहेत. तो मालक मला म्हणाला की आधीच्या 'फॅमिली'ने दर महिन्याला भाडं रडवत दिलं होतं.

चांगला भाडेकरू मिळाला की त्याला टिकवण्यात जास्त कमाई आहे. महिन्याला हजार रुपये जास्त देणारा नवा शोधताना एक महिना रिकामा गेला आणि एजंटला अर्धा महिना दिला, तर त्या हजाराची भरपाई व्हायला तीन वर्षं लागतात. वरचं उदाहरण घेऊन बघा: २४ आणि १२ मिळून ३६ हजार, भागिले हजार. गिझर बंद पडला तर त्याच आठवड्यात माणूस पाठवावा. दुरुस्तीला आपला म्हणून एक प्लंबर, एक इलेक्ट्रिशियन ठरलेला असावा आणि त्यांचे नंबर पहिल्या दिवशीच भाडेकरूला द्यावेत. न सांगता घरी जाऊ नये. आपल्या मालकीचं असलं तरी आता ते दुसऱ्याचं राहतं घर आहे. भाडं मागायला फोन करणं अवघड वाटत असेल, तर बँकेतून दरमहा आपोआप वर्ग होण्याची सोय करारावेळीच करून घ्यावी.

डिपॉझिटबद्दल तक्रारी मला सर्वांत जास्त ऐकू आल्या, आणि त्या जवळपास सगळ्या भाडेकरूंच्या होत्या. मालकाने ते खर्चून टाकलेलं असतं, आणि नवा भाडेकरू आला की त्याच्या डिपॉझिटमधून जुन्याचं देण्याचा बेत असतो. त्या महिन्या-दोन महिन्यांत गावी परतलेला मुलगा फोन करत राहतो. हे पैसे आपले नसतात. ते वेगळ्या मुदत ठेवीत ठेवावेत आणि घर रिकामं होण्याच्या आठवडाभर आधी मोकळे करावेत. किल्ल्या घेताना फोटोंची यादी समोर धरून दोघांनी खोल्या बघाव्यात, महावितरणच्या मीटरचं रीडिंग टिपून घ्यावं, शेवटचं बिल आणि करारात लिहिलेला रंगाचा खर्च तेवढा कापावा, आणि उरलेली रक्कम तिथे उभ्या उभ्याच त्याच्या खात्यात टाकावी.